ओळखीचे नाव, अनोळखी हात : ईमेलमधील तोतयेगिरी कशी ओळखावी?

निवासी शाळांत शिकून पुढे गेलेल्या आपल्या पहिल्या पिढीच्या घरी पत्र येणे ही मोठी घटना असे. शिष्यवृत्तीची मंजुरी, वसतिगृहातील प्रवेश, नोकरीचा नेमणूक आदेश, कधी कोर्टाचे समन्स असे जे काही येई, ते शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घेतले जाई. शिक्का आणि सही असलेल्या कागदाचा घरात आधार होता, तसा दराराही होता. 'कागद आलाय' एवढे दोन शब्द कानावर पडले तरी आनंद आणि धास्ती दोन्ही एकदम दाटून येत.

तो कागद आता ईमेलने येतो. परीक्षेचा निकाल, शिष्यवृत्तीची सूचना, मुलाखतीचे बोलावणे, बँकेचा खातेउतारा, आयकर खात्याची नोटीस हे सारे मोबाईलच्या पडद्यावर उमटते. कागद बदलला, पण मनातील आदर आणि धास्ती होती तशीच राहिली. नेमक्या याच दोन भावनांवर ईमेलमधील तोतयांचा धंदा चालतो. घामाने मिळवलेला पैसा त्यांच्या हाती जातो, हे नुकसान उघड दिसते. त्याखाली दुसरे एक नुकसान आहे. एकदा फसलेले कुटुंब पुढे खऱ्या पत्रावरही विश्वास ठेवीत नाही, खऱ्या संधीलाही घाबरते. शिक्षणाने जे दार उघडले, ते भीतीने पुन्हा लोटले जाते. म्हणून या स्मरणिकेत हा विषय आम्ही थोडा सविस्तर मांडत आहोत.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. 'अनोळखी माणसाचा ईमेल उघडूच नका' हा सल्ला आम्ही देणार नाही. विद्यापीठ, नोकरी देणारी कंपनी, पाठ्यवृत्ती देणारी संस्था, पंचवीस वर्षांनी आठवण काढणारा वर्गमित्र, या सर्वांचे पहिले पत्र अनोळखी पत्त्यावरूनच येते. अनोळखी असणे हा दोष नव्हे. आपण जे नाही ते असल्याचे भासवणे, हा दोष आहे. तो ओळखता आला पाहिजे.

पाकिटावरचे नाव कोणीही लिहू शकतो

रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने १९७१ मध्ये एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पहिला ईमेल पाठवला. माणसाचे नाव आणि संगणकाचे नाव यांच्या मध्ये लिहिले जाणारे '@' हे चिन्ह त्यांनीच निवडले. ईमेल कसा पोहोचवावा याचे जे नियम आजही मुळाशी वापरात आहेत, ते १९८२ मध्ये ठरले. त्या काळी हे जाळे वापरणारे लोक मोजके होते; ते बहुतेक संशोधन संस्थांतील असून एकमेकांवर विश्वास ठेवणारे होते. त्यामुळे पाठवणारा खरोखर तोच आहे काय, हे तपासण्याची सोय त्या नियमांत ठेवली गेली नाही.

याची तुलना टपालाशी करता येईल. पाकिटाच्या मागील बाजूस 'प्रेषक : जिल्हाधिकारी कार्यालय' असे कोणीही लिहून ते पेटीत टाकू शकतो. पोस्टमन ते नाव तपासत नाही. पाकीट दिलेल्या पत्त्यावर पोहोचवणे एवढेच त्याचे काम.

ही उणीव भरून काढण्यासाठी पुढे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या नावांच्या तपासण्या आल्या. 'अमुक संस्थेच्या पत्त्यावरून आलेला ईमेल त्या संस्थेने मान्यता दिलेल्या संगणकावरूनच निघाला आहे काय?' हे त्या पाहतात. मोठ्या ईमेल सेवा हे काम आपल्याला न कळत करतात आणि पुष्कळसा बनावट मजकूर 'स्पॅम'मध्ये टाकतात. परंतु या तपासणीची मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. पत्र कोणत्या पत्त्यावरून निघाले, एवढेच ती सांगते. त्या पत्त्याचा मालक प्रामाणिक आहे की लबाड, हे ती सांगू शकत नाही. लबाडाने स्वतःच्या नावे रीतसर पत्ता घेतला, तर त्याचे पत्र या तपासणीत बिनबोभाट उत्तीर्ण होते.

शिवाय, पडद्यावर ठळक दिसणारे नाव आणि प्रत्यक्ष ईमेल पत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फुकट मिळणारे खाते उघडून नावाच्या जागी 'मुख्याध्यापक', 'समाज कल्याण अधिकारी' किंवा 'भारतीय रिझर्व्ह बँक' असे काहीही लिहिता येते. मोबाईलवर बहुधा तेवढे नावच दिसते. त्या नावावर बोट टेकवले की मागचा खरा पत्ता उघड होतो. अनोळखी पत्राच्या बाबतीत ही सवय प्रत्येकाने लावून घ्यावी.

पत्ता उजवीकडून वाचावा

ईमेल पत्त्यातील '@' या चिन्हानंतरचा भाग महत्त्वाचा असतो. तो उजवीकडून डावीकडे वाचावा, कारण मालकी शेवटच्या शब्दांवरून ठरते. डावीकडे काय लिहायचे, हे मालकाच्या मर्जीवर असते.

उदाहरण घेऊ. महाराष्ट्र शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळाचा पत्ता 'महाडीबीटी डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन' असा आहे. येथे शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे, आणि असा पत्ता केवळ शासकीय कार्यालयांनाच मिळतो. आता एखाद्या पत्रातील पत्ता 'महाडीबीटी' या शब्दाने सुरू होत असेल, मध्ये 'जीओव्ही' हे शब्दही असतील, पण शेवट मात्र भलत्याच नावाने आणि 'डॉट कॉम'ने होत असेल, तर तो पत्ता त्या भलत्या नावाच्या मालकाचा समजावा. डावीकडची सारी अक्षरे ही केवळ रंगरंगोटी होय.

'एसी डॉट इन' हा शेवट शैक्षणिक संस्थांसाठी राखलेला आहे. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने 'बँक डॉट इन' हा स्वतंत्र शेवट ठरवला असून, आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत त्यावर नेण्याचे आदेश बँकांना दिले होते. याउलट 'डॉट कॉम', 'डॉट ऑर्ग', 'डॉट इन' हे शेवट कोणालाही थोड्या पैशांत विकत घेता येतात. 'ऑर्ग' दिसले म्हणजे ती धर्मादाय संस्थाच असेल, असा समज करून घेऊ नये.

दुसरी युक्ती अक्षरांची आहे. इंग्रजीतील 'आर' आणि 'एन' ही लहान लिपीतील अक्षरे जवळ जवळ लिहिली की 'एम'सारखी दिसतात. लहान 'एल', मोठा 'आय' आणि एकचा आकडा यांत डोळा सहज फसतो. रशियन लिपीतील काही अक्षरे तर इंग्रजी अक्षरांशी हुबेहूब जुळतात. म्हणून महत्त्वाच्या कामासाठी पत्रातील दुव्यावर न जाता, आपल्याला ठाऊक असलेला पत्ता स्वतःच्या हाताने टाकावा.

दुव्यांनाही हाच न्याय लागू आहे. निळ्या अक्षरांत 'येथे अर्ज करा' असे लिहिलेले असते, पण तो दुवा कोठे नेतो हे अक्षरांवरून कळत नाही. संगणकावर बाण त्यावर नुसता ठेवला, किंवा मोबाईलवर दुवा दाबून धरला, तर खरा पत्ता दिसतो. संकेतस्थळावरील कुलपाच्या चिन्हाविषयीही पुष्कळ गैरसमज आहे. आपण भरलेली माहिती वाटेत कोणी वाचू शकणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. ती माहिती चोराच्याच हाती पोहोचत असेल, तरी कुलूप दिसतेच.

पत्राला जोडलेल्या फायलीही पारखून घ्याव्यात. निकाल किंवा नेमणूक आदेश म्हणून आलेल्या फाईलच्या नावाशेवटी 'एपीके' वा 'ईएक्सई' असेल, तर तो कागद नसून मोबाईलमध्ये किंवा संगणकात शिरू पाहणारा कार्यक्रम आहे. ती उघडू नये.

सोंग कशाचे बनते?

आपल्या गावांत बहुरूपी येत असे. फौजदाराचा वेश करून तो दारात उभा राही, वॉरंट काढल्याची बतावणी करी, क्षणभर घाबरवी, आणि शेवटी हसून बिदागी मागे. सोंग उतरवणे हा त्याच्या कलेचाच भाग होता. तोतया सोंग उतरवत नाही. ते शेवटपर्यंत टिकावे, यासाठी तो वाचणाऱ्याला विचार करण्याची फुरसतच देत नाही.

अशी पत्रे ताडून पाहिली की त्यांची घडण सारखीच आढळते. प्रथम अधिकार किंवा आपुलकी असते : 'मी अमुक खात्याचा अधिकारी', 'मी तुमचा जुना विद्यार्थी'. मग घाई येते : 'आज सायंकाळी पाचपर्यंत', 'अन्यथा खाते बंद होईल'. त्यामागून गुप्तता : 'हे कोणास सांगू नका', 'मी बैठकीत आहे, फोन करू नका'. आणि शेवटी खरी मागणी : थोडे शुल्क, ओटीपी, पासवर्ड, आधारकार्डाची प्रत किंवा बँक खात्याचा तपशील. यांपैकी कोणतीही एक गोष्ट खऱ्या पत्रातही असू शकते. चारही एकत्र आल्या, तर मात्र ते पत्र खरे असण्याची शक्यता अगदी थोडी.

ही रीत ईमेलपेक्षा जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपात आणि अमेरिकेत 'स्पॅनिश कैदी' नावाने ओळखली जाणारी पत्रे फिरत. स्पेनमध्ये एक धनिक तुरुंगात आहे, त्याच्या सुटकेसाठी थोडे पैसे पाठवा, त्याच्या गुप्त ठेव्यात तुम्हास वाटा मिळेल, असा त्यांचा आशय असे. पुढे नायजेरियातील राजपुत्र आणि अधिकारी यांच्या नावाने तशीच पत्रे जगभर पोहोचली. त्या देशाच्या दंडसंहितेतील कलमावरून त्यांना '४१९' हे नाव पडले. आपल्या जुन्या भारतीय दंडसंहितेतही तोतयेगिरी करून फसवण्याच्या शिक्षेचे कलम ४१९ हेच होते, हा एक योगायोग.

पूर्वी अशी पत्रे चुकीच्या भाषेवरून ओळखता येत. आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी शुद्ध, नम्र, कार्यालयीन मराठी कोणीही क्षणात लिहू शकतो. भाषा शुद्ध आहे म्हणून पत्र खरे, ही कसोटी आता सोडून द्यावी. 'त्याला माझे पूर्ण नाव, जन्मतारीख, आधार क्रमांकाचे शेवटचे आकडे ठाऊक होते' हेही प्रमाण नव्हे. अशी माहिती अनेक ठिकाणांहून फुटत असते. फार कशाला, आपल्यासारख्या स्मरणिकांत माजी विद्यार्थ्यांची नावे, तुकडीचे वर्ष, हुद्दा आणि दूरध्वनी क्रमांक छापले जातात. स्नेहासाठी छापलेली ती यादी तोतयालाही तितकीच उपयोगी पडते.

आपल्या वाट्याला येणारी सोंगे

पहिले सोंग शिष्यवृत्तीचे. 'आपल्या पाल्याची निवड झाली आहे, प्रक्रिया शुल्क भरावे', असे पत्र येते. शासनाच्या शिष्यवृत्तीची रक्कम विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या बँक खात्यात थेट जमा होते; ती मिळवण्यासाठी कोणा अधिकाऱ्याच्या खासगी खात्यात किंवा यूपीआय क्रमांकावर आधी पैसे भरावे लागत नाहीत. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती असो, परदेशी शिक्षणासाठीची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती असो, किंवा बार्टीची एखादी योजना असो, अर्जाची स्थिती त्या योजनेच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतः जाऊन पाहावी किंवा महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती कक्षात विचारावी. यूपीआयविषयीचा एक नियम तर घरातील प्रत्येकाला पाठ असावा : पिन लागतो तो पैसे देताना, घेताना नव्हे.

दुसरे सोंग नोकरीचे. मुलाखत न घेताच नेमणूक, वर लॅपटॉपची अनामत, प्रशिक्षणाचे शुल्क किंवा गणवेशाचा खर्च मागणारे पत्र हे फसवणुकीचे मानावे. परदेशातील नोकरी असेल, तर भरती करणारा दलाल नोंदणीकृत आहे काय, हे केंद्र सरकारच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर पाहता येते. अशा दलालाला उमेदवाराकडून ३० हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी याहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. येथे पैशांपेक्षा मोठा धोकाही आहे. 'डेटा एंट्री'ची नोकरी म्हणून म्यानमार, कंबोडिया, लाओस या देशांत नेलेल्या भारतीय तरुणांना कोंडून ठेवून ऑनलाईन फसवणुकीच्याच कामाला जुंपल्याची प्रकरणे उघडकीस आली आहेत, आणि परराष्ट्र मंत्रालयाने त्याविषयी वेळोवेळी इशारे दिले आहेत. म्हणजे आपल्याला आलेले खोटे पत्र टंकणारा हातही कधी कधी अशाच खोट्या पत्राने ओढून नेलेला असतो.

तिसरे सोंग कायद्याचे. 'आपल्या नावे गुन्हा नोंदला आहे, चोवीस तासांत उत्तर द्या', असे सीबीआय, सायबर पोलीस किंवा न्यायालयाच्या बोधचिन्हासह येते. मग व्हिडिओ कॉलवर 'डिजिटल अटक' केली जाते. अशा अटकेची तरतूद आपल्या कायद्यात नाही. पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ च्या आकाशवाणीवरील 'मन की बात'मध्ये हे सांगितले होते. आयकर खात्याच्या पत्राची खातरजमा तर घरबसल्या होते. १ ऑक्टोबर २०१९ पासून त्या खात्याच्या नोटिसांवर व आदेशांवर दस्तऐवज ओळख क्रमांक असतो, आणि तो खरा आहे काय हे आयकर खात्याच्या संकेतस्थळावर तपासता येते. रिझर्व्ह बँकेनेही अनेकदा कळवले आहे की ती सामान्य नागरिकांची खाती ठेवत नाही आणि लॉटरीची वा परदेशातून आलेली रक्कम देण्यासाठी ईमेल पाठवत नाही.

चौथे सोंग देणगीदाराचे. हे संस्थांच्या वाट्याला येते. 'आम्ही आपल्या शाळेस मोठी रक्कम देऊ इच्छितो. फक्त हस्तांतरणाचा खर्च आगाऊ पाठवा', असे परदेशातून पत्र येते. वसतिगृहाची इमारत अर्धवट असते, धान्याचे बिल थकलेले असते. अशा वेळी हे पत्र खरे असावे असे मनापासून वाटते. येथे कायदा संस्थेच्या मदतीला येतो. परदेशी देणगी घेण्यासाठी एफसीआरए कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम प्रथम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील ठरावीक खात्यातच यावी लागते. खऱ्या देणगीदाराला हे सांगितले की तो समजून घेतो. तोतया वेगळी वाट सुचवतो.

पाचवे सोंग सर्वांत जवळचे. मुख्याध्यापकांच्या किंवा संस्थेच्या अध्यक्षांच्या नावाने शिक्षकांना, लिपिकांना वा माजी विद्यार्थ्यांना पत्र जाते : 'एक अडचण आहे, ताबडतोब अमुक रक्कम पाठवा, नंतर बोलू.' गुरुजनांविषयीच्या कृतज्ञतेमुळे येथे प्रश्न विचारणेही अवघड वाटते. केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी केलेला उपदेश आपल्या वाचकांना परिचित आहे. एखादी गोष्ट केवळ ऐकिवात आहे, ग्रंथात आहे किंवा सांगणारा आपला गुरू आहे एवढ्यावरूनच स्वीकारू नये, ती स्वतः पारखून घ्यावी, असा त्याचा आशय आहे. ज्या गुरूंनी ही पारख शिकवली, त्यांच्या नावाने आलेले पत्र पारखून घेण्यात त्यांचा अनादर होत नाही.

पडताळणीची दुसरी वाट

हे सारे तपशील लक्षात राहिले नाहीत, तरी एक नियम राहू द्यावा : ज्या वाटेने निरोप आला, त्या वाटेने खातरजमा करू नये. पत्रात दिलेल्या दूरध्वनीवर फोन केला, तर तो तोतयाच उचलतो. त्या पत्राला उत्तर देऊन 'हे आपणच का?' असे विचारले, तर 'होय' हेच उत्तर येते. म्हणून बँकेचा क्रमांक पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्यावा. मुख्याध्यापकांना आपल्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर फोन करावा. कार्यालय जवळ असेल, तर प्रत्यक्ष जावे.

पत्ता अगदी बरोबर असला तरीही हा नियम लागू आहे. कारण एखाद्या ओळखीच्या माणसाचे खातेच चोरीला गेले, तर पत्र खऱ्या पत्त्यावरूनच येते, त्याखाली जुना पत्रव्यवहारही दिसतो. बँक खाते बदलल्याची सूचना देणाऱ्या पत्रांविषयी म्हणूनच विशेष सावध असावे. २०१३ ते २०१५ या काळात लिथुआनियातील एका इसमाने, तैवानमधील खऱ्या पुरवठादार कंपनीच्या नावाचीच दुसरी कंपनी लाटव्हियात नोंदवली आणि ईमेलने खोटी बिले पाठवून गूगल व फेसबुक या कंपन्यांकडून १० कोटी डॉलरहून अधिक रक्कम उकळली. अमेरिकेतील न्यायालयाने त्याला २०१९ मध्ये पाच वर्षांची शिक्षा सुनावली. ज्यांच्याकडे संगणकशास्त्राचे जाणकार हजारोंनी आहेत, तेथेही हे घडले. तेव्हा फसणारा माणूस अडाणीच असतो, हा समज मुळातच चुकीचा आहे.

संस्थांनी आणि माजी विद्यार्थी मंडळांनी यातून तीन साधे नियम करावेत, असे आम्ही सुचवतो. देणगीसाठीचे बँक खाते एकच असावे, ते संस्थेच्या नावे असावे आणि छापील पत्रकातून जाहीर व्हावे. खाते बदलल्यास ती सूचना केवळ ईमेलने न देता सभेत आणि फोनवरून द्यावी. ठरावीक रकमेहून मोठा व्यवहार दोन पदाधिकाऱ्यांनी परस्परांशी बोलल्याखेरीज होऊ नये. स्मरणिकेच्या यादीत घरचे पत्ते आणि वैयक्तिक क्रमांक छापण्याऐवजी मंडळाचा एकच संपर्क क्रमांक द्यावा, हेही विचार करण्यासारखे आहे.

घरासाठीही थोडी पूर्वतयारी हवी. मुख्य ईमेल खात्याला दुहेरी पडताळणी लावावी. बँकेचा, ईमेलचा आणि इतर ठिकाणचा पासवर्ड एकच ठेवू नये. गावाकडील आईवडिलांना स्पष्ट सांगून ठेवावे की पैशांचा कोणताही निरोप आला, तर आधी आपल्याला फोन करावा, मग तो रात्री कितीही वाजता का असेना.

फसवणूक झालीच तर

अशा वेळी मिनिटाला किंमत असते. तोतया आलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात झपाट्याने फिरवतो. ती वाटेत असतानाच गोठवली, तर परत मिळण्याची आशा राहते. म्हणून प्रथम १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करावा आणि त्याच वेळी आपल्या बँकेलाही कळवावे. तक्रार केंद्रीय गृह मंत्रालयाच्या 'सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन' या संकेतस्थळावर नोंदवता येते, तसेच कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. ईमेल पुसून टाकू नये. तोच पुरावा आहे. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, पडद्याची छायाचित्रे जपून ठेवावीत. पासवर्ड दिला गेला असेल, तर तो दुसऱ्या विश्वासू उपकरणावरून त्वरित बदलावा.

बँकेला लगेच कळवण्याचे आणखी एक कारण आहे. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घालून दिलेल्या तत्त्वानुसार, ओटीपी वा पासवर्ड ग्राहकाने स्वतः दिला असल्यास बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे संकोचात गेलेला प्रत्येक तास आपल्याच खिशातून जातो.

कायदा फसवल्या गेलेल्याच्या बाजूने आहे. संगणक साधनाद्वारे तोतयेगिरी करून फसवणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड अन्वये तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१९ मध्ये तोतयेगिरीच्या फसवणुकीला पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. परंतु कायद्याचे चाक तक्रारीशिवाय फिरत नाही, आणि तक्रारीच्या आड येते ती लाज. 'एवढा शिकलेला, आणि फसला?' या एका वाक्याच्या भीतीने कित्येक जण गप्प बसतात. मुलगा वडिलांपासून लपवतो, वडील मुलापासून लपवतात. त्या शांततेत तोतया पुढच्या घराचे दार ठोठावतो.

म्हणून आमची आपणा सर्वांना विनंती आहे. घरात कोणी अशा जाळ्यात सापडल्याचे कळले, तर पहिला शब्द दोषाचा असू नये. पहिला फोन १९३० ला असावा. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात, पालक सभेत आपल्याला आलेली अशी पत्रे मोकळेपणाने दाखवावीत, म्हणजे एकाने ओळखलेले सोंग शंभरांना ओळखता येईल. वसतिगृहातील मुलांना अर्ज कसा लिहावा हे आपण शिकवतो. आलेले पत्र कसे वाचावे हेही त्याच तासाला शिकवावे. पाठवणाऱ्याचे नाव, त्यामागचा पत्ता, पत्रातील मागणी आणि मग दुसऱ्या वाटेने खातरजमा, या क्रमाने पत्र वाचण्यास दहा मिनिटेही लागत नाहीत. खरे पत्र तेवढा वेळ निश्चित थांबते.